बोट कथेवर ठेवले आहे की तुमच्यावर?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आदरणीय ताई, सादर नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावात मी राहते. मराठी विषय घेऊन पदवी मिळवली, पुढचे शिक्षण परिस्थितीमुळे राहून गेले. दिवसा आईच्या बरोबरीने वावरात राबते आणि रात्री वहीत कथा लिहिते. मागच्या महिन्यात समाजमाध्यमावरील एका मोठ्या साहित्यगटात मी पहिल्यांदाच कथा टाकली. कापूस वेचणाऱ्या एका बाईची ती कथा आहे आणि तिच्यातील संवाद आमच्या वऱ्हाडी बोलीत आहेत. सुरुवातीला काहींनी कौतुक केले, पण रात्रीतून सगळे पालटले. एकाने लिहिले, ‘आधी शुद्ध मराठी शिका, मग लेखिका व्हा.’ दुसऱ्याने विचारले, ‘शेतकऱ्याच्या दुःखाचे भांडवल अजून किती दिवस करणार?’ तिसरा म्हणाला, ‘पोळ्याला कापूस वेचायला आला कुठून? बाईंनी कधी वावर पाहिले तरी आहे का?’ कथेतला नवरा कारण नसताना मरतो, वाचकाला रडवण्यासाठीच त्याला मारले आहे, असेही एकाने सुनावले. त्यानंतर जातीवरून आणि चारित्र्यावरून लिहिणारे दोघे आले. त्यांपैकी एक जण अजूनही खासगी संदेश पाठवतो. माझ्या भाऊजींनी हे सारे मोबाइलवर बाबांना दाखवले. ‘लिहाचं असन तं लिही, पण गावात शोभा नको,’ एवढे बोलून बाबा उठून गेले. आईला वाचता येत नाही. कथा टाकण्याआधी मी ती तिला वाचून दाखवली होती. तेव्हा सगळे ऐकून घेऊन ‘पण तो मेला कायनं?’ असे तिने विचारले आणि आम्ही दोघी हसलो होतो. आता वही उघडली की त्या लोकांचीच वाक्ये डोळ्यांपुढे येतात आणि पेन चालत नाही. मी लिहिणे थांबवावे का? कथा सोबत पाठवत आहे.
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : लिहिणे थांबवू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे तुम्हाला निश्चिंत मनाने वाचता येईल. तुमची कथा मी काळजीपूर्वक वाचली. तिच्यात एक जागा अशी आहे की ती वाचल्यावर लिहिणारीला नजर आहे याविषयी मला शंका उरली नाही : दिवसभर वेचलेला कापूस संध्याकाळी मोजला जात असताना ती बाई काट्याकडे पाहतच नाही, ती मोजणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहते, आणि त्याच्या भुवया हलल्या की आज किती किलो भरला याचा अंदाज बांधते. किलोच्या हिशेबाने मजुरी घेतलेल्या बाईलाच, किंवा तिच्या शेजारी उभे राहून ते पाहिलेल्या मुलीलाच, हे लिहिता येते. त्या गटातील एकाही टीकाकाराने या परिच्छेदाचा उल्लेख केलेला तुमच्या पत्रात दिसत नाही, आणि कौतुक करणाऱ्यांनीही केलेला दिसत नाही.

तुमच्या मनात या सगळ्या प्रतिक्रियांचा एकच ढीग झाला आहे. तो आधी वेगळा करू या. त्यासाठी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा : या माणसाने बोट कथेतल्या एखाद्या जागेवर ठेवले आहे, की तुमच्यावर? बोलण्याचा सूर कसा आहे, याचा या निवाड्यात विचार करायचा नाही. गोड बोलणाऱ्याचे बोट कुठेच नसते असे पुष्कळदा होते, आणि कडू बोलणारा नेमक्या जागी बोट ठेवतो असेही होते.

पोळ्याचा मुद्दा घ्या. त्या माणसाचे दुसरे वाक्य तुमच्यावर आहे आणि ते उद्धट आहे. ते सोडून द्या. पहिले वाक्य मात्र कथेवर आहे आणि ते बरोबर आहे. आपल्याकडची कोरडवाहू कपाशी जूनमध्ये पाऊस झाल्यावर पेरली जाते आणि पहिली वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास येते. श्रावणी अमावास्येला, म्हणजे पोळ्याला, पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडावर, पाती (कळ्या) आणि फुले असतात, फार तर काही हिरवी बोंडे धरलेली असतात. हे तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. सजवलेल्या बैलांची मिरवणूक आणि त्या बाईचे रिकामे अंगण तुम्हाला समोरासमोर आणायचे होते, म्हणून वेचणी दीड-दोन महिने अलीकडे ओढली गेली. भावनेच्या ओढीने ऋतू हलवणे ही नव्या लेखनात वारंवार दिसणारी गोष्ट आहे, आणि शेतीवरच्या कथेत ती लगेच पकडली जाते, कारण वाचणाऱ्यांत अर्धे लोक कास्तकारांच्या घरचे असतात.

आता नवऱ्याच्या मरणाचा मुद्दा. त्या अनोळखी वाचकाने जे म्हटले, तेच तुमच्या आईने त्याच्या आधी विचारले होते : तो मेला कायनं? प्रश्न एकच आहे. आईने विचारला तेव्हा तुम्ही हसलात आणि त्याने विचारला तेव्हा तुमची झोप उडाली. माझ्या मते तुमच्या दुखण्याचे मूळ इथे सापडते. दोष दाखवला गेला म्हणून तुम्हाला एवढे लागलेले नाही. तो हजारो लोकांसमोर, भाऊजींच्या मोबाइलवर आणि बाबांच्या डोळ्यांदेखत दाखवला गेला म्हणून लागले आहे. पूर्वी नव्या लेखकाचे हस्तलिखित टपालाने जात असे आणि नकारही टपालानेच, बंद पाकिटातून येत असे. संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या काळात ‘सत्यकथा’ मासिकाकडून नवोदितांना दुरुस्त्या सुचवणारी सविस्तर पत्रे जात. त्यांतली टीका मवाळ नसे, पण ती लेखक आणि संपादक या दोघांतच राहत असे आणि शेजारच्या घराला तिचा पत्ताही लागत नसे. तुमच्या पिढीचे पहिले लेखन पहिल्याच दिवशी सर्वांसमोर जाते. हा फरक ध्यानात घेतलात तर ‘मला टीका सोसत नाही’ असा ठपका तुम्ही स्वतःवर ठेवला असेल, तर तो काढून टाकाल. तुम्हाला टीका सोसते. आईची सोसलीच आहे.

पोळा आणि मरण हे दोन्ही आक्षेप शेजारी ठेवून पाहिले तर मला एक वाट दिसते. कथा तुमची आहे, तेव्हा ही सूचना घ्यावी की नाही हे तुम्हीच ठरवा. पोळ्याच्या सुमारास वेचणी नसते, पण फवारणी असते. २०१७ साली तुमच्याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे तुमच्या गावातही कोणी विसरलेले नसेल. पोळ्याचा प्रसंग तसाच ठेवून त्या दिवसांत बाईला निंदणाला पाठवले, नवऱ्याच्या पाठीवर फवारणीचा पंप दिला आणि काट्याचा तो सुंदर परिच्छेद दिवाळीच्या वेचणीपर्यंत पुढे नेला, तर कथेचा काळ दुरुस्त होतो आणि आईच्या प्रश्नाला उत्तरही मिळते. दोन कडू वाक्यांतून कथेला एवढे मिळणार असेल तर ती वाक्ये वहीच्या मागच्या पानावर तुमच्या स्वतःच्या शब्दांत, त्यांतला अपमान गाळून उतरवून घ्या, आणि मूळ वाक्ये पुन्हा उघडून वाचू नका.

शुद्ध मराठी शिकण्याचा सल्ला मात्र मी ठामपणे नाकारते. मराठी गद्याचा आरंभ ज्या ग्रंथापासून मानला जातो, ते ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केले आणि त्याचा संबंध आपल्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरशी आहे. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० साली आली. तिच्यातली माणसे वऱ्हाडी बोलतात आणि ती कादंबरी पुण्या-मुंबईच्या वाचकांनीही आपली मानली. वऱ्हाडी बाईच्या तोंडी वऱ्हाडी घालण्यासाठी तुम्हाला कोणाची परवानगी मागायची गरज नाही. त्याचबरोबर एक दुरुस्ती सुचवते. तुमची नायिका एका पानावर ‘हाये’ म्हणते आणि पुढच्या पानावर ‘आहे’ म्हणते. तिसऱ्या पानानंतर तर निवेदनही काही ओळी बोलीत घसरते आणि पुन्हा प्रमाण भाषेत येते. निवेदन कोणत्या भाषेत करायचे ते एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. बोलीलाही तिची शिस्त असते, आणि ती पाळली की ‘हिला शुद्ध येत नाही’ असे म्हणणाऱ्याला पाय ठेवायला जागा राहत नाही.

म्हाइंभटांविषयी आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी त्यांनी ज्यांनी त्या अनुभवल्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या आणि स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पारखून घेतल्या. म्हणजे मराठीतले ते पहिले मोठे गद्य एका जाणत्या माणसाच्या नजरेखालून जाऊन मगच पुढे गेले. तुमच्या कथेला असा एखादा वाचक मिळालाच नाही. ती वहीतून थेट गर्दीत गेली.

‘दुःखाचे भांडवल’ या आक्षेपावर फार वेळ घालवू नका. विदर्भातील शेतकरी आत्महत्यांवर गेल्या वीसेक वर्षांत पुष्कळ लिहिले गेले आणि त्यातले बरेचसे एकाच साच्याचे होते, त्यामुळे काही वाचक खरोखरच कंटाळले आहेत. हा आक्षेप घेणाऱ्याचा कंटाळा खरा असू शकतो, पण तुमची कथा त्याने वाचली याचा कोणताही पुरावा त्याच्या वाक्यात नाही.

उरले ते दोघे. त्यांना टीकाकार म्हणू नका. त्यांच्या बोलण्याचा तुमच्या लेखनाशी संबंध नाही आणि त्यातून शिकण्यासारखे काहीही नाही. पत्रात तुम्ही त्यांना इतरांच्याच रांगेत बसवले आहे, याचे मला फार वाईट वाटले. आधी त्यांच्या प्रत्येक मजकुराचा स्क्रीनशॉट घ्या. त्यात तारीख, वेळ आणि खात्याचे नाव दिसले पाहिजे, आणि त्या खात्याची लिंकही जपून ठेवा. हे झाल्यावर त्या खात्यांना ब्लॉक करा. आधी ब्लॉक केले तर पुरावा हाती राहत नाही. गटाच्या चालकांना आणि त्या माध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याला कळवा. असा अधिकारी नेमणे मोठ्या माध्यमांना माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. संदेश थांबले नाहीत तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत नकार दिल्यावरही स्त्रीशी वारंवार संपर्क साधत राहणे कलम ७८ खाली, तिच्या विनयशीलतेचा अवमान करणारे शब्द कलम ७९ खाली आणि धमकी कलम ३५१ खाली येते. तुम्ही अनुसूचित जाती किंवा जमातीच्या असाल तर जातीवरून केलेल्या जाहीर अपमानासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. घरात बोलणे अवघड वाटत असेल तर महिलांसाठीच्या १८१ या क्रमांकावर आधी बोला. मात्र कथा वाईट आहे असे लिहिणारा, मग तो कितीही बोचरे लिहो, गुन्हेगार नाही, हेही ध्यानात ठेवा. संतापजनक मजकुरालाच गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, आणि लिहिणाऱ्या सर्वांच्या दृष्टीने ते योग्यच झाले.

कठोर वाक्य डोक्यात घर करून बसते आणि दहा चांगली वाक्ये दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत, हा सर्वांचाच अनुभव आहे. त्यात तुमचे मन दुबळे असल्याचे काहीही दिसत नाही. काही दिवस त्या गटाच्या सूचना बंद ठेवा आणि रात्री लिहिण्याच्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. कोणाला उत्तर द्यावेसे वाटले तर ते वहीत लिहा. पोळ्याची चूक दाखवणाऱ्याला मात्र ‘वेचणीचा काळ चुकला होता, दुरुस्त करते’ असे एक वाक्य अवश्य कळवा, पण ‘वावर पाहिले आहे का’ याचे उत्तर देऊ नका. झोप आणि जेवण दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेलेच राहिले तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे आणि मराठीतून बोलता येते.

बाबांच्या बाबतीत माझी एक विनंती आहे. त्यांनी प्रतिक्रिया पाहिल्या आहेत, कथा पाहिलेली नाही. भाऊजींनी दाखवले तेवढेच त्यांच्यासमोर आले, आणि मुलीचे नाव असे लोकांच्या तोंडी पडलेले पाहून कोणताही बाप उठून जाईल. सवडीने त्यांच्याजवळ बसून काट्याचा तो परिच्छेद त्यांना वाचून दाखवा. ते काही बोलतील अशी अपेक्षा ठेवू नका, बोलले तर ऐकून घ्या. कापूस मोजण्याच्या कामात एखादा बारकावा तुमच्याकडून निसटला असेल तर तो तेच सांगू शकतील.

पुढची कथा लिहून झाली की ती लगेच कुठेही टाकू नका. काही दिवस वहीत राहू द्या, मग आईला पूर्ण वाचून दाखवा आणि ती जिथे जिथे थांबवेल तिथे तिथे पेन्सिलीने खूण करा. दुसरा वाचक असा शोधा की त्याचा तुमच्याशी काही लोभ नाही आणि वैरही नाही : तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयातला एखादा जुना सभासद किंवा महाविद्यालयातले मराठीचे प्राध्यापक. १९२३ साली स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाच्या शाखा जिल्ह्या-जिल्ह्यांत आहेत आणि त्यांचे ‘युगवाणी’ हे नियतकालिकही आहे. दिवाळी अंक आपले साहित्य सहसा पावसाळ्यातच मागवतात, तेव्हा कथा तोवर तयार ठेवा. आकाशवाणीच्या यवतमाळ किंवा अकोला केंद्राकडेही विचारणा करून पाहा. तुमचे संवाद मोठ्याने वाचल्यावर अधिक खुलतात, असे मला वाटते. संपादकाचा नकार आला तर तो तुमच्या एकटीच्या हाती येईल, आणि कथा दुरुस्त करायला तुम्हाला तेवढाच निवांतपणा मिळेल.

प्रश्न : महोदया, मी चंद्रपूर जिल्ह्यातील निवृत्त शिक्षक आहे. नव्या मुलांचे लेखन मोबाइलवर नियमाने वाचतो आणि चुका दाखवतो. आमच्या तालुक्यातील एका मुलीने जात्यावरच्या ओव्यांच्या चालीवर कविता लिहून टाकली होती. चरणांतील अक्षरसंख्या जुळत नाही, ऱ्हस्व-दीर्घाच्या अनेक चुका आहेत, अशी क्रमवार यादी मी तिच्या कवितेखाली दिली. माझ्यामागे आणखी काही जण लिहू लागले, त्यांतले काही टवाळखोर होते. त्या मुलीने खाते बंद केले. माझा हेतू शिकवण्याचाच होता. चुका दाखवणे सोडून द्यावे काय?
— एक निवृत्त शिक्षक

उत्तर : सोडून देऊ नका, सर. खेड्यापाड्यांतल्या मुलांचे लेखन मन लावून वाचणारी माणसे आधीच कमी आहेत. पण दोन गोष्टींचा विचार व्हावा, असे मला वाटते.

पहिली गोष्ट छंदाची. अभंगात चरणांची अक्षरे मोजतात. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार, लहान अभंगात आठ आणि आठ. भुजंगप्रयातासारख्या अक्षरगणवृत्तात तर चार य गण (प्रत्येकी लघु-गुरू-गुरू अशी तीन अक्षरे) आणि बारा अक्षरे यांपासून हलताच येत नाही. जात्यावरची ओवी अशी बांधलेली नसते. दळणाऱ्या बाईचा गळा आणि जात्याचा फेरा यांच्या मापाने ती लांबते किंवा आखडते, आणि जुळणारे यमक तिला सांभाळून धरते. त्या मुलीने ओवी निवडली होती. तुम्ही तिला अभंगाचे माप लावलेत. यादीतला तुमचा पहिलाच आक्षेप त्यामुळे टिकत नाही, आणि नेमका तोच वाचून मागचे लोक पुढे सरसावले.

दुसरी गोष्ट जागेची. वर्गात तुम्ही एखाद्या विद्यार्थ्याची वही तपासताना ती फळ्यावर टांगली नसती. त्याला टेबलाजवळ बोलावले असते. मुलगी तालुक्यातलीच होती, तिला खासगीत लिहिणे तुम्हाला शक्य होते. ऱ्हस्व-दीर्घ महत्त्वाचे आहेत, पण ते मुद्रितशोधनाच्या वेळचे काम आहे. कविता उभी राहते की नाही हे आधी पाहावे, तिच्यातला सर्वांत मोठा एकच दोष सांगावा, आणि कवितेला काय करायचे होते ते आपल्याला समजले आहे एवढे तिला जाणवू द्यावे. जाहीर लिहिण्याची वेळ आलीच तर टवाळी सुरू होताक्षणी ‘मी हे यासाठी लिहिले नव्हते’ असे तिथेच बजावणे ही पहिला आक्षेप घेणाऱ्याची जबाबदारी असते. तुमच्यासारख्या वडीलधाऱ्या माणसाने तसे म्हटले असते तर पुष्कळ जण गप्प बसले असते.

अजून वेळ गेलेली नाही. ज्या गटात तुम्ही ती यादी दिली होती, तिथेच ओवीविषयीचा आक्षेप मागे घेत असल्याचे लिहा. मुलीच्या शाळेतून किंवा वाचनालयातून तिच्या घरच्यांपर्यंत एक पत्र पोहोचवा आणि तिच्या कवितेतली कोणती ओळ तुम्हाला आवडली, ती का आवडली, हे त्यात सविस्तर कळवा. पुन्हा लिही असा आग्रह धरू नका, आणि दुरुस्त्यांची यादी त्या पत्राला जोडू नका; तिने मागितली तर ती पुढच्या पत्रात द्या.